निवासी रस्त्यांची रुंदी : करावे, नवी मुंबई

वस्तीतील घरांना परस्परांशी आणि मुख्य मार्गाशी जोडणाऱ्या रस्त्याची, समोरासमोरील खाजगी जागांच्या हद्दींमधील एकूण मोकळी रुंदी. तीत वाहनमार्ग, पदपथ, पावसाळी गटारे तसेच पाण्याच्या, मलाच्या व विजेच्या वाहिन्यांसाठी राखलेली पट्टी या सर्वांचा समावेश होतो. हमरस्त्याची रुंदी त्यावरून जाणाऱ्या वाहनांची गणती करून ठरविता येते. निवासी रस्त्याचे तसे नाही. त्यावरून जाणारी वाहने थोडी असतात. त्याची रुंदी घरात येणारा उजेड, आग लागल्यास पोहोचणारा बंब, दारात बसणारी माणसे, खेळणारी मुले आणि मुख्यतः जमिनीची किंमत यांच्याशी निगडित असते. शिवाय हा निर्णय बहुधा एकदाच घेतला जातो. दोन्ही बाजूंस घरे उभी राहिली, की रस्ता रुंद करणे म्हणजे कोणाचे तरी घर कापणे होय.

ठाणे जिल्ह्याच्या ठाणे तालुक्यातील करावे हे गाव या दृष्टीने लक्षणीय आहे. ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्यालगत, नेरूळ व बेलापूर यांच्या दरम्यान ते वसले असून वस्ती परंपरेने आगरी-कोळी समाजाची आहे. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी ही या किनारपट्टीतील गावांची जुनी उपजीविका. नवी मुंबईच्या उभारणीत करावेच्या भोवती सीवूड्स या नावाने ओळखली जाणारी वसाहत आणि आखीव सेक्टर उभे राहिले. गाव व खाडी यांच्यामधून पाम बीच मार्ग गेला. नौकानयनाचे शिक्षण देणारी ‘चाणक्य’ ही संस्थाही याच परिसरात आहे. १ जानेवारी १९९२ पासून हा भाग नवी मुंबई महानगरपालिकेत मोडतो. जुने गावठाण मात्र जागेवरच राहिले. त्यामुळे रस्त्याची रुंदी ठरविण्याच्या दोन अगदी भिन्न रीती येथे काही पावलांच्या अंतराने पाहावयास मिळतात.

गावठाणातील गल्ली कोणी आखलेली नसते. घरे आधी येतात आणि घरांमध्ये जी जागा उरते ती वाट होते. डोक्यावर मासळीची पाटी किंवा भाताचा भारा घेतलेली दोन माणसे एकमेकांना ओलांडून जावीत, मधल्या मोठ्या वाटेवरून बैलगाडी निघावी, आणि आपल्या छपराच्या पागोळ्यांचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर न पडता आपल्याच जागेत पडावे, एवढ्या गरजांतून कोकणपट्टीतील अशा वाटांची रुंदी सिद्ध झाली. घराचा ओटा गल्लीला लागून असतो. त्यावर जाळी दुरुस्त होतात, धान्य व सुकी मासळी निवडली जाते, संध्याकाळी म्हातारी माणसे बसतात. ओटा खाजगी की सार्वजनिक, हा प्रश्न गावात सहसा उद्‌भवत नाही. सर्वेक्षणाच्या नकाशावर मात्र तो उद्‌भवतो. याउलट, सेक्टरमधील रस्त्याची रुंदी पहिले घर बांधण्यापूर्वीच कागदावर ठरलेली असते आणि घरांना तिच्याशी जुळवून घ्यावे लागते.

रुंदी आधी ठरविण्याची कल्पना नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगरातील रथ्या चार दंड व राजमार्ग आठ दंड रुंदीचा असावा असे विधान आहे. दंड म्हणजे चार अरत्नी, सु. १·८ मी. या हिशेबाने रथ्या सु. ७ मी. व राजमार्ग १४ मी.हून थोडा अधिक भरतो. त्याच प्रकरणात रथासाठी पाच, गुरांसाठी चार आणि लहान जनावरे व माणसे यांच्यासाठी दोन अरत्नींची वाट सांगितली आहे. दोन अरत्नी म्हणजे जेमतेम ०·९ मी. कोणत्या वाटेने कोण जाणार यावरून तिचे माप ठरते आणि केवळ माणसांसाठी असलेली अरुंद वाट हीसुद्धा नगररचनेतील एक रीतसर वाट समजली जाते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. आधुनिक उपविधींत हा विवेक दीर्घकाळ हरवलेला दिसतो.

तो हरवण्याचे कारण रोगराईत सापडते. पटकीच्या साथींनी हादरलेल्या इंग्लंडमध्ये १८७५ चा सार्वजनिक आरोग्य अधिनियम झाला. १८७७ च्या नमुना उपविधींनी वाहनांच्या नव्या रस्त्याला किमान ३६ फूट (सु. ११ मी.) रुंदी सुचविली. कोंदट, पाठीला पाठ लावलेल्या घरांच्या चाळी पुन्हा होऊ नयेत हा हेतू रास्तच होता. पण त्यातून एकाच मापाचे सरळ, रुक्ष रस्ते गावोगाव निर्माण झाले. मुंबईत हीच प्रक्रिया १८९६ च्या प्लेगनंतर घडली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्यांतून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद रस्ते काढले आणि उत्तरेस दादर, माटुंगा या भागांत आखीव उपनगरे वसविली. खाडीवरील व समुद्रावरील वारा शहरात शिरावा, हा या रस्त्यांमागील एक घोषित उद्देश होता. ज्यांची घरे पाडली गेली त्यांतील अनेक कुटुंबे मात्र शेजारच्या चाळींत शिरली आणि तेथील दाटी वाढली.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी प्रकाश व हवा यांसाठी पुरस्कारलेला ‘साडेत्रेसष्ट अंशांचा नियम’ येथे समजून घेण्याजोगा आहे. खोलीच्या तळापासून समोरील इमारतीच्या माथ्याकडे काढलेल्या रेषेचा क्षितिजाशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा असू नये, असे त्याचे सूत्र. भूमितीच्या भाषेत याचा अर्थ असा, की समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी. पंचेचाळीस अंशांचा कडक नियम लावला असता, तर मोकळी जागा उंचीइतकी ठेवावी लागली असती. मुंबईतील जमिनीच्या किमती पाहता तो परवडणारा नव्हता. साडेत्रेसष्ट अंश ही आरोग्य आणि अर्थ यांच्यातील तडजोड होती. या नियमाचे खरे महत्त्व असे, की रुंदी ही स्वतंत्र संख्या नसून ती उंचीशी बांधलेली आहे हे त्याने स्पष्ट केले. तीन मीटरांची गल्ली सहा मीटर उंचीच्या घरांना पुरेशी असते, बारा मीटरांच्या इमारतींना ती अपुरी पडते. गल्ली तीच राहते, घरे बदलतात.

ऑर मुंबईत मोजमाप करीत असतानाच इंग्लंडमध्ये रेमंड अन्विन यांनी प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली होती. लंडनजवळील हॅम्पस्टेड उद्यान-उपनगरासाठी १९०६ मध्ये संमत झालेल्या खास अधिनियमाने, ५०० फुटांपेक्षा लांब नसलेल्या व आरपार रहदारीसाठी नसलेल्या रस्त्यांना केवळ २० फूट (सु. ६ मी.) रुंदीची मुभा दिली, मात्र समोरासमोरील घरांत ५० फूट (सु. १५ मी.) अंतर ठेवणे बंधनकारक केले. दोन घरांमधील अंतर आणि रस्त्याची रुंदी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व यातून कायद्यात आले. उजेडासाठी लागणारे अंतर खडी आणि डांबर यांनी भरण्याचे कारण नाही. ते बागेने, अंगणाने किंवा झाडांनी भरता येते. रुंद फरसबंद रस्त्याचा खर्च वाचला, तर तेवढे भाडे कमी होते, हाही अन्विन यांच्या मांडणीचा भाग होता.

भारतात हीच भूमिका पॅट्रिक गेडेस यांनी अधिक आग्रहाने घेतली. १९१४ नंतर त्यांनी अनेक भारतीय नगरांची पाहणी करून अहवाल लिहिले आणि १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे प्राध्यापक झाले. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता कापून काढणाऱ्या अभियंत्यांवर त्यांनी कठोर टीका केली. प्रत्येक घराची पाहणी करून मोडकळीस आलेले तेवढे काढावे, त्या जागी लहान चौक मोकळे करावेत आणि गल्ली मूळ वळणासह राखावी, या पद्धतीला त्यांनी ‘जतनाची शस्त्रक्रिया’ अशा अर्थाचे नाव दिले. उष्ण प्रदेशात अरुंद गल्लीची सावली ही गैरसोय नसून सोय आहे, हे त्यांचे निरीक्षण कोकणच्या दमट किनाऱ्यालाही लागू पडते. गेडेस यांच्या सूचनांचे कौतुक झाले, त्या अंमलात मात्र फारशा आल्या नाहीत. १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने जमीनमालकांच्या जागा एकत्र करून, रस्त्यांसाठी भाग वगळून, उरलेले भूखंड त्यांनाच परत देण्याची सोय केली. रस्त्यासाठी जागा कोणी द्यावयाची, या प्रश्नाचे ते एक न्याय्य उत्तर होते.

नवी मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मार्ग या नियतकालिकातून मांडली. शासनाने १९७० मध्ये शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) स्थापन केले. सु. ३४४ चौ. किमी. क्षेत्र आणि त्यातील ९५ गावे या प्रकल्पाखाली आली. नगराची आखणी स्वयंपूर्ण उपनगरांच्या साखळीची असून प्रत्येक उपनगर सेक्टरांत विभागले आहे. १९७५ मध्ये सिडकोची सर्वसाधारण विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. सेक्टरांतील अंतर्गत रस्ते ९, ११, १५ मी. अशा ठराविक मापांचे ठेवण्यात आले. मापे ठरविताना देशात १९७० पासून राष्ट्रीय इमारत संहिता उपलब्ध होती. या संहितेच्या पुढील आवृत्तीतील कोष्टक लांबीवर आधारलेले आहे : ७५ मी.पर्यंतच्या रस्त्यास ६ मी., १५० मी.पर्यंत ७·५ मी., २५० मी.पर्यंत ९ मी. व ४०० मी.पर्यंत १२ मी. रुंदी. रस्ता जितका लांब, तितकी त्यावर दारे उघडणारी घरे अधिक, हे त्यामागील गणित आहे.

जमिनीच्या हिशेबात या आकड्यांचा परिणाम किती मोठा असतो, ते एका साध्या उदाहरणावरून कळेल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस ४ मी. रुंद व १० मी. खोल असे ४० चौ. मी.चे भूखंड आहेत, असे मानू. रस्ता ९ मी.चा असल्यास प्रत्येक भूखंडाच्या वाट्याला रस्त्याची १८ चौ. मी. जमीन येते, ६ मी.चा असल्यास १२. आणि केवळ चालण्याची ३ मी.ची वाट असल्यास ६. म्हणजे एका कुटुंबामागे लागणारी जमीन अनुक्रमे ५८, ५२ व ४६ चौ. मी. होते. ज्या जमिनीत ९ मी.च्या रस्त्यावर १०० कुटुंबे बसतात, तिच्यातच ३ मी.च्या वाटेवर १२६ बसू शकतात. भूखंड मोठा असेल, तर हा फरक जाणवत नाही. गरिबाच्या भूखंडाला तो सर्वांत अधिक जाणवतो, कारण त्याच्या घराच्या मानाने त्याच्या दारचा रस्ताच मोठा असतो.

हे गणित ओळखून आखलेली वस्ती करावेपासून दूर नाही. कोरिया यांनी बेलापूर येथे सिडकोसाठी रचलेली, ‘आर्टिस्ट व्हिलेज’ या नावाने परिचित असलेली वसाहत १९८३–८६ या काळात उभी राहिली. तेथे ४५ ते ७५ चौ. मी.च्या भूखंडांवरील सात घरे सु. ८ मी. लांबीरुंदीच्या एका चौकाभोवती मांडली आहेत. असे तीन गट मिळून एकवीस घरांचा समूह १२ मी.च्या चौकाभोवती आणि असे तीन समूह मिळून सु. २० मी.च्या मोकळ्या जागेभोवती येतात. येथे रस्त्याची रुंदी मोजण्याऐवजी चौकांची श्रेणी लावलेली आहे. मोकळी जागा एकूण कमी नाही. ती लांब पट्टीत ताणण्याऐवजी माणसांना थांबता येईल अशा तुकड्यांत जमवली आहे. या रचनेत गावठाणाच्या अंगणाचा धागा दिसतो. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या मुंबई नगरविकास प्रकल्पात, सोयींनी युक्त लहान भूखंड देण्याच्या योजनांतूनही अरुंद वाटा व सामाईक चौक यांचा असाच उपयोग झाला. मुंबईतील चारकोप हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. आर्टिस्ट व्हिलेजमधील अनेक घरे पुढे पाडून तेथे उंच बंगले बांधण्यात आले आणि साडेत्रेसष्ट अंशांचा प्रश्न त्या चौकांतही उपस्थित झाला, हेही नमूद करावयास हवे.

करावेच्या मूळ रहिवाशांपुढील प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे. नव्या नगरासाठी भातशेतीची व मिठागरांची जमीन संपादित झाली. गावठाण संपादनाबाहेर राहिले. मोबदल्याविषयीच्या असंतोषाचा उद्रेक जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात झाला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. पुढे १९९० मध्ये शासनाने संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन प्रकल्पग्रस्तांना परत देण्याची योजना स्वीकारली. प्रत्यक्षात या साडेबारा टक्क्यांतून रस्ते व सामाजिक सोयींसाठी पावणेचार टक्के वजा होतात आणि हाती पावणेनऊ टक्के येतात. एक हेक्टर जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या नावे १,२५० चौ. मी. लागतात, त्यांतून ३७५ चौ. मी. कापले जाऊन ८७५ चौ. मी. उरतात. रस्त्याची रुंदी हा नियोजनकाराला तांत्रिक तपशील वाटतो; येथे तो शेतकऱ्याच्या हिश्शातून वळता झालेला आकडा आहे. १९१५ च्या अधिनियमातील मालकही रस्त्यासाठी जमीन देत असे, परंतु त्याच्याकडे उरलेला भाग मोठा असे. येथे सर्वच जमीन आधी गेलेली होती आणि परत मिळालेल्या आठव्या हिश्शातून पुन्हा कपात झाली.

गावठाणाची हद्द कुटुंबांच्या वाढीच्या प्रमाणात वाढली नाही. तेव्हा घरे बाहेर, लगतच्या जागेत पसरली आणि आत वर चढली. शहर वाढल्याने भाडेकरूंची मागणीही होतीच. कौलारू, बैठ्या घरांच्या जागी नवी मुंबईच्या गावठाणांतून चार-पाच मजल्यांच्या सिमेंट-काँक्रीटच्या इमारती आल्या. ओटा, पडवी आणि पुढचे अंगण यांनी गल्लीला जो मोकळेपणा दिला होता, तो भिंती गल्लीच्या कडेपर्यंत आल्याने गेला. वरच्या मजल्यांचे सज्जे पुढे काढल्याने आकाशाची पट्टी आणखी आकुंचित झाली. भोवतालचे सेक्टर भराव घालून उंचावल्याने अनेक गावठाणे सखल राहिली; पावसाचे पाणी वाहून नेणारी गटारे त्याच अरुंद पट्टीत, नळांच्या शेजारी बसवावी लागली. दोष मूळ गल्लीच्या मापाचा होता असे म्हणता येत नाही. जमीन घेऊन, तिच्यावरील पोटाचा धंदा घेऊन, वाढीसाठी मात्र फक्त वरची दिशा ठेवली, याचा तो परिणाम आहे.

गावठाणाविरुद्ध सर्वांत बलवान युक्तिवाद अग्निशमनाचा केला जातो आणि तो डावलण्याजोगा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनाची कमाल रुंदी २·६ मी. असू शकते, मोठा बंब या मापाच्या आसपास असतो. वळण घेण्यास व नळ्या उलगडण्यास आणखी जागा लागते. पंधरा मीटरांहून उंच इमारत किमान १२ मी. रुंदीच्या रस्त्यावर असावी, असे राष्ट्रीय इमारत संहितेने म्हटले आहे. तथापि आखीव सेक्टरही या कसोटीवर नेहमी उतरतात असे नाही. ९ मी.च्या रस्त्यातून दोन्ही बाजूंचे दीड-दीड मीटरचे पदपथ वजा करता ६ मी. वाहनमार्ग राहतो. त्याच्या दोन्ही कडांना सु. १·८ मी. रुंदीच्या मोटारगाड्या उभ्या राहिल्या, की मधोमध २·४ मी. उरतात. कागदावरील नऊ मीटर रात्रीच्या वेळी गावठाणातील बोळाइतकेच होतात आणि बंब दोन्हींकडे अडतो. नियमावली रुंदी देते; ती मोकळी ठेवण्याचे काम ज्याचे त्याला करावे लागते. नेदर्लंड्समध्ये डेल्फ्ट येथे १९६० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या आणि १९७६ मध्ये कायद्याने मान्य झालेल्या ‘वूनर्फ’ या निवासी रस्त्यांत झाडे, बाके आणि वळणे मुद्दाम रस्त्यात आणून वाहनांचा वेग चालण्याइतका केला गेला. तेथे वाहने उभी करण्याच्या जागाही आखून दिलेल्या असतात. अरुंदपणा आणि बेशिस्त या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यावरून दिसते.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या बहुतेक नगरांसाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली आणि रस्त्याच्या रुंदीला नवे मूल्य आले. भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल, हे चटई क्षेत्र निर्देशांकाने ठरते. दाट वस्तीबाहेरील भागांसाठीच्या सर्वसाधारण कोष्टकात ९ मी.पेक्षा अरुंद रस्त्यावर हा निर्देशांक १·१० वर थांबतो. ९ ते १२ मी.च्या रस्त्यावर अधिमूल्य व हस्तांतरणीय विकास हक्क धरून तो २ पर्यंत आणि ३० मी. व त्याहून रुंद रस्त्यावर ३ पर्यंत जातो. नवी मुंबईसाठी काही वेगळ्या तरतुदी असल्या, तरी तत्त्व तेच आहे. ऑर यांच्या काळी रुंदी इमारतीच्या उंचीला आवर घालीत असे. आता ती जमिनीचा भावही ठरवते. सेक्टरातील रुंद रस्त्यावरचा भूखंड आणि त्याच्या मागील बाजूस गल्लीवर असलेले गावठाणातील घर यांच्या किमतीत या एका आकड्याने अंतर पडते.

गावठाणे व दाट वस्ती यांच्यासाठी त्याच नियमावलीत सौम्य तरतूद आहे : ४·५ मी.हून अरुंद गल्लीवर नवे बांधकाम करताना ते गल्लीच्या मध्यरेषेपासून २·२५ मी. मागे घ्यावयाचे. अडीच मीटरांच्या गल्लीवर याचा अर्थ प्रत्येक घराने एक मीटर सोडणे असा होतो. सहा मीटर खोलीच्या घराचा तो सहावा भाग आणि बहुधा तोच ओट्याचा भाग असतो. शासनाने २०२२ मध्ये प्रकल्पग्रस्तांची गरजेपोटी बांधलेली घरे नियमित करण्याविषयी निर्णय जाहीर केला. परंतु घर नियमित झाले म्हणून त्याच्यापुढील वाट रुंद होत नाही. माघार घेण्याची अट पुनर्बांधणीच्या वेळीच लागू होत असल्याने जुन्या वस्त्यांत एक घर मागे सरते, शेजारचे जागीच राहते, आणि गल्ली सलग न रुंदावता दातेरी होत जाते. नळ, गटारे व विजेचे खांब मधल्या काळात जुन्याच रेषेत राहतात. मागे सरलेल्या घरापुढील मीटरभर जागेत बहुतेकदा दुचाकी उभ्या राहतात. क्वचित कोठे घरमालक तेथे पुन्हा ओटा घालतो.